मनाच्या दुखण्यावर रानातली औषधे

नैराश्य आणि चिंताविकार ही मनाची सर्वाधिक आढळणारी दोन दुखणी, आणि बहुतेक वेळा ती जोडीने येतात. नैराश्यात माणसाचे मन कशातच रमत नाही. उदासी, थकवा, आपण निरुपयोगी आहोत ही भावना, बिघडलेली झोप आणि मेलेली भूक किमान दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, तर वैद्यक त्याला आजार मानते. चिंताविकारात समोर धोका नसतानाही छाती धडधडते, हातापायांना घाम सुटतो, पोटात गोळा येतो आणि नको ते विचार थांबत नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २.७ टक्के प्रौढ त्या वेळी नैराश्याने ग्रस्त आढळले. मानसिक आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. त्या १२ राज्यांत गुजरात होते; महाराष्ट्र नव्हते, आणि या दोन्हींच्या मधे वसलेली दादरा-नगर हवेलीही नव्हती.

सिल्वासा हे या छोट्या प्रदेशाचे मुख्य शहर. प्रदेशाचे क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,४३,७०९, आणि त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक आदिवासी: वारली सर्वांत जास्त, मग धोडिया, कोकणा, काथोडी, नायका, दुबळा. दमणगंगेच्या काठचे शहर गेल्या चार दशकांत कारखान्यांनी वेढले गेले. सूत, प्लास्टिक आणि रसायनांच्या या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि महाराष्ट्रातून आलेले कामगार पाळ्यांमध्ये काम करतात. खानवेलच्या पुढे मांदोनी, सिंदोनी, दुधनीकडे गेले की सागाचे आणि मोहाचे डोंगराळ रान लागते. एकाच प्रदेशात मनाच्या दुखण्याची दोन वेगळी रूपे त्यामुळे दिसतात. एकीकडे रात्रपाळीने झोप हरवलेला, घरापासून तुटलेला कामगार. दुसरीकडे शेत, रान आणि गाव यांच्याशी असलेली नाती सैल होत चाललेली आदिवासी कुटुंबे.

दोन्हीकडचा माणूस दवाखान्यात ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाही. तो डोके जड असल्याचे, अंगात त्राण नसल्याचे, जीव घाबरा होत असल्याचे, कामात मन लागत नसल्याचे सांगतो. घरचे लोक नजर, बाधा किंवा बाहेरचे काही लागले असे म्हणतात. म्हणून औषधाचा विचार करण्याआधी एक काम असते, ते म्हणजे शरीराची तपासणी. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव आणि क्षयरोग हे सारे थकवा आणि उदासी आणतात. दक्षिण गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या आदिवासी समाजांत सिकल सेलचा आजार आढळतो, त्यामुळे इथे या तपासणीला अधिकच महत्त्व आहे. रक्तातले हिमोग्लोबिन घसरलेल्या बाईला ब्राह्मीचे तेल लावून उपयोग नाही.

औषध देणारे इथे तीन प्रकारचे आहेत. पाड्यावर भगत असतो. वारली समाजात तो दाणे पाहून दुखण्याचे कारण सांगतो, देवाला काय द्यायचे ते ठरवतो आणि रानातली मुळी किंवा साल देतो. त्याच्या उपचारात वनस्पती हा अनेकांपैकी एक घटक असतो. घरातली सारी माणसे जमतात, रुग्णाचे दुखणे सर्वांसमोर मांडले जाते आणि ते सोसण्याची जबाबदारी वाटून घेतली जाते. मनाच्या आजारात याचे मोल मोठे आहे आणि ते अंधश्रद्धेच्या एका शब्दात बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. पण बाधेचा दोष एखाद्या बाईवर ठेवला गेला किंवा रुग्णाला मारहाण झाली, तर तो उपचार राहत नाही. दुसरा वैद्य, शास्त्र शिकलेला किंवा नुसता चूर्ण विकणारा. तिसरा सरकारी किंवा खासगी दवाखान्यातला डॉक्टर. रुग्ण या तिघांकडे एकाच महिन्यात जातो आणि एकाने दिलेले दुसऱ्याला सांगत नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक धोक्यांचे मूळ या न सांगण्यात आहे.

शास्त्रीय परंपरेत मनाच्या आजारांचा विचार जुना आहे. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांच्या यादीत विषाद, झोप न येणे आणि चित्त स्थिर न राहणे ही तिन्ही एकत्र येतात. उन्मादावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. चिकित्सेचे तीन मार्ग चरकाने सांगितले: दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, मणी, बली इत्यादी, युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषध, आणि सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणे. औषधाने मनाचा सारा भार उचलावा अशी अपेक्षा त्या ग्रंथातही नाही. बुद्धीला हितकर म्हणून जी चार मेध्य रसायने तिथे येतात, ती अशी: मंडूकपर्णीचा रस, दुधासोबत ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. आजच्या बाजारातली ‘मेंदूची टॉनिके’ बहुतांशी या चारांभोवती फिरतात.

या चारांपैकी दोघींची ओळख पटवणे सोपे नाही. महाराष्ट्रात आणि कोकणात ओलसर जागी पसरणारी, गोल पानांची मंडूकपर्णी म्हणजे कारिवणा. तिलाच अनेक घरांत ब्राह्मी म्हणतात. शास्त्रीय ब्राह्मी म्हणून जी औषधशाळेत वापरली जाते, ती पाणथळ काठावरची, बारीक मांसल पानांची, पांढुरक्या फुलांची नीरब्राह्मी. दोन्हींचे कूळ वेगळे, त्यांतली रसायने वेगळी. शंखपुष्पीच्या नावाने उत्तर भारतात एक वेल, महाराष्ट्रात कधी विष्णुक्रांता आणि केरळात गोकर्णी वापरतात. एका पुस्तकातला प्रयोग एका वनस्पतीवर झालेला असतो आणि वाचकाच्या हाती दुसरीच येते. म्हणून अशा विषयावरच्या लेखनात लोकनावासोबत वनस्पतिशास्त्रीय नावाची जोड असलीच पाहिजे. ती नसेल तर बाकीची माहिती कितीही चांगली असली तरी वापरण्याजोगी नसते.

पोर्तुगीज सत्तेमुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या औषधांची युरोपात फार लवकर नोंद झाली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये भारतीय औषधींवरचा आपला संवादरूप ग्रंथ छापला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याने भांगेवर एक संवाद लिहिला आणि लोक ती काळजी विसरण्यासाठी घेतात हे नोंदवले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा भांग खाऊन रात्री मनाने दूरदेशी फिरून येत असे, हेही त्यात आहे. काळजी विसरणे आणि काळजीचा आजार बरा होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भांगेने थोड्या वेळाची सुटका मिळते, पण नेहमी घेणाऱ्यांत चिंता वाढते आणि ज्यांची प्रवृत्ती असते त्यांच्यात भ्रमाचे आजार उफाळून येतात.

या साऱ्या विषयात सर्वांत शिकवणारी वनस्पती सर्पगंधा आहे. ती सह्याद्रीच्या ओलसर पानझडी रानात, झाडांच्या सावलीत वाढते. कंबरेपेक्षाही बुटके झुडूप, पांढरी-गुलाबी फुले आणि नागमोडी मूळ. बिहारमध्ये तिचे मूळ वेडाचे औषध म्हणून विकले जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण नोंदवला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये नॅथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरचे त्याचे परिणाम मांडले. मनावर काम करणाऱ्या आधुनिक औषधांच्या पहिल्या पिढीत अशा प्रकारे भारतीय रानातले एक मूळ होते, आणि वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

मग दुसरी बाजू पुढे आली. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आले, काहींनी आत्महत्येचा विचार केला. मज्जापेशी सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि डोपामिन ही संदेशद्रव्ये छोट्या पिशव्यांत साठवतात. रेसर्पिन या साठवणीचा मार्ग बंद करते आणि साठा रिकामा होतो. नैराश्य म्हणजे या द्रव्यांची कमतरता, ही १९६५ च्या सुमाराची प्रसिद्ध कल्पना उभी राहण्यात या निरीक्षणाचा मोठा वाटा होता. पुढच्या संशोधनाने ती कल्पना अपुरी ठरवली, आणि रेसर्पिनमुळे खरेच किती जणांना नैराश्य आले यावरही आता वाद आहे. तरीही वैद्यकातली सूचना कायम आहे: नैराश्याचा इतिहास असलेल्याला सर्पगंधा देऊ नये. जी मुळी भडकलेल्या मनाला शांत करते, ती खचलेल्या मनाला आणखी खाली ढकलू शकते. मनावर खरोखर परिणाम करणारी वनस्पती हे पूर्ण अर्थाने औषध असते. म्हणून तिला मात्रा असते, निषेध असतो आणि दुष्परिणामही असतात. वनौषधी निरुपद्रवी असतात हा समज सर्पगंधेच्या एका उदाहरणाने मोडतो.

आज सर्वाधिक विकली जाणारी वनस्पती म्हणजे अश्वगंधा, मराठीत आसंध किंवा डोरगुंज. ती कोरड्या प्रदेशातली. तिची मोठी शेती मध्य प्रदेशात नीमच आणि मंदसौरकडे होते. हैदराबादमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दीर्घकालीन ताण असलेल्या ६४ प्रौढांपैकी अर्ध्यांना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला. त्यांचे ताणाचे गुणांक आणि रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक, दोन्ही नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे घटले. त्यानंतरच्या काही चाचण्यांतूनही ताण आणि झोप यांबाबत असाच कल दिसतो. पण चाचण्या लहान, थोड्या आठवड्यांच्या, आणि बहुतेक ताणावरच्या आहेत. निदान झालेल्या नैराश्यावरचा पुरावा तुटपुंजा आहे. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, थायरॉइडची पातळी तिच्यामुळे वाढू शकते आणि गरोदरपणात ती टाळावी. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. भारतात आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरता मूळच वापरण्याचा सल्ला दिला.

ब्राह्मीचा पुरावा स्मरणशक्तीच्या बाजूला जास्त आणि चिंतेच्या बाजूला कमी आहे. कारिवण्यावर कॅनडातला एक प्रयोग उल्लेखनीय आहे: ४० निरोगी माणसांपैकी ज्यांना १२ ग्रॅम वनस्पती एकदाच दिली, ती माणसे अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने कमी दचकली. निरोगी माणसाचे दचकणे आणि रुग्णाची महिनोन्‌महिन्यांची धास्ती यांत मोठे अंतर आहे, पण दिशा दिसते. जटामांसी आणि तगर ही हिमालयातली मुळे झोपेसाठी वापरली जातात. वेखंड प्रत्येक मराठी घरात बाळाच्या निमित्ताने असते, पण त्यातल्या बीटा-असारोनमुळे ते रोज पोटात घेणे योग्य नाही; अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत त्याला मनाई आहे. मालकांगणीचे तेल बुद्धीसाठी सांगितले जाते. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, तेच जे कंपवाताच्या गोळ्यांत असते. म्हणून उत्साह वाढवण्यासाठी तिचे चूर्ण सहज घेऊ नये. भ्रमाचा आजार असलेल्याला तर ती मुळीच देऊ नये.

जगभरात नैराश्यावर सर्वांत जास्त तपासलेली वनस्पती मात्र भारतीय परंपरेतली नाही. सेंट जॉन्स वर्ट हे पिवळ्या फुलांचे झुडूप युरोपातले, हिमालयातही आढळणारे. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण होते. सौम्य ते मध्यम नैराश्यात तिचा अर्क बनावट गोळीपेक्षा सरस आणि प्रचलित औषधांच्या जवळपास ठरला, पण जर्मन भाषिक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतरांपेक्षा अधिक अनुकूल होते. २००२ मध्ये अमेरिकेत ३४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही वनस्पती आणि सर्ट्रालिन ही नेहमीची गोळी, दोन्ही मुख्य मोजणीत बनावट गोळीपेक्षा वरचढ ठरल्या नाहीत. केशराबाबत इराणमधून रोज ३० मिलिग्रॅम मात्रेच्या अनेक छोट्या चाचण्या आल्या आहेत आणि त्यांचे निकाल आशादायक आहेत. प्रश्न शुद्धतेचा आणि किमतीचा उरतो.

सेंट जॉन्स वर्टचा मोठा धोका तिच्या संगतीत आहे. ती यकृतातली औषधे मोडणारी विकरे जागी करते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, मूत्रपिंड रोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन आणि एचआयव्हीवरची काही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर आणि गोंधळ अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. औषधांच्या अशा संगतीचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. परळच्या केईएम रुग्णालयात फेफऱ्यावरचे फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांना शंखपुष्पीयुक्त औषध सुरू केल्यावर पुन्हा झटके येऊ लागले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या औषधाने उंदरांच्या रक्तातले फेनिटॉइन घटते असे दिसले. चार मेध्य रसायनांपैकी एकीच्या नावावर विकले जाणारे, मुलांना बिनधास्त दिले जाणारे हे औषध होते.

मुंबईतच २०२१ मध्ये करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि रुग्णांनी घेतली ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी असे म्हटले. वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी धडा तोच राहतो: ओळख चुकली किंवा माणूस आधीच यकृताचा रुग्ण असला, तर साधी वेलही महागात पडते. क्षयरोगाच्या गोळ्या यकृतावर ताण आणतात, म्हणून त्या घेत असलेल्या कामगाराने शक्तीसाठी कोणतेही चूर्ण सुरू करण्याआधी डॉक्टरला सांगितलेच पाहिजे. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. परवाना क्रमांक नसलेली, पुडीत बांधून दिलेली औषधे या बाबतीत सर्वांत अविश्वसनीय. सारस्वतारिष्टासारखी आसवे-अरिष्टे किण्वनाने तयार होतात आणि त्यांत मद्यार्क असतो. दारू सोडण्याचे औषध घेणाऱ्याने ती टाळावीत.

दारूचा प्रश्न सिल्वासात वेगळा पाहावा लागतो. मोहाच्या फुलांची दारू आणि ताडी आदिवासी जीवनात लग्न, सण आणि देवकार्याशी बांधलेली आहेत, आणि त्या चौकटीत त्यांना मर्यादाही होती. शेजारच्या गुजरातेत १९६० पासून, म्हणजे राज्य झाल्यापासून, दारूबंदी आहे, इथे नाही. कामावरून थकून आलेला माणूस झोपेसाठी आणि धास्ती घालवण्यासाठी बाटलीकडे वळतो. दारू पहिल्या तासाला चिंता उतरवते, रात्रीच्या उत्तरार्धात झोप तोडते, सकाळी चिंता वाढवते आणि महिन्या-दोन महिन्यांत नैराश्य खोल करते. दारू सुरू असताना कोणत्याही वनौषधीचा गुण तपासणे निरर्थक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र ती एकदम बंद करू नये. झटके आणि भ्रम येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी.

वनौषधींचा उपयोग सौम्य दुखण्यात, झोपेची घडी बसवण्यात आणि मुख्य उपचाराला जोड म्हणून करता येतो. त्यांवर न थांबता तातडीने डॉक्टरकडे जावे अशा अवस्था ठरलेल्या आहेत. जगणे नको वाटणे, खाणे-पिणे सुटणे, आवाज ऐकू येणे, बाळंतपणानंतर आईचे बाळाकडे लक्ष न राहणे, आणि उदासीच्या आधी कधी अतिउत्साहाचे, न झोपता फिरण्याचे दिवस येऊन गेलेले असणे, या त्या अवस्था. सिल्वासात श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, आणि तिथल्या वैद्यकीय शिक्षण संस्थेचे, म्हणजे नमो महाविद्यालयाचे, नवे संकुल २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाले. टेली-मानस ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मिळते. तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात मनोविज्ञान व मानसरोग विषयातली आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी असलेल्यांनाही मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले आहे. म्हणजे वनौषधी घ्यायची असेल तर त्यासाठी कायद्याने मान्य केलेला जाणकार आहे, आणि पुडी विकणाऱ्यापेक्षा त्याच्याकडे जाणे शहाणपणाचे.

शेवटचा भाग रानाचा. मुळे विकली जातात तेव्हा झाड मरते. जटामांसी आणि सर्पगंधा या दोन्ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. सर्पगंधा १९९० पासून, जटामांसी १९९७ पासून. जटामांसीचा जंगलातला साठा अतिसंकटग्रस्त मानला गेला आहे. भगताला आणि रानात मुळी गोळा करणाऱ्या बाईला हे नियम दोषी ठरवण्यासाठी वापरले जाऊ नयेत, कारण रान ओरबाडणारा बाजार बाहेरचा असतो. कारिवणा आणि नीरब्राह्मी भाताच्या खाचराच्या कडेला किंवा परसातल्या ओलसर वाफ्यात लावता येतात, गोकर्णीची वेल कुंपणावर चढते. सर्पगंधा मात्र सावली, निचऱ्याची माती आणि धीर मागते: बियांची उगवण कमी असते, आणि मुळात पुरेसे द्रव्य भरायला किमान दीड वर्ष लागते.